भाकरी, ब्रँड आणि भूभू

समजा, तुम्ही बँकेत आहात. पुण्यात मस्त सेटल झालाय. वन बीएचके, बाइक, वीकेण्डला मल्टिप्लेक्स आणि घरी एक भूभू. नाव, समजा, शेरू. वजन वीस किलो, वय तीन वर्षं, जात अस्सल गावठी. आणि एका सोमवारी मेल येतो : बदली, हरसूल.

कुठलं हरसूल? जेलवालं, छत्रपती संभाजीनगरचं? नाही हो. हे नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. नाशिक शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर, आणि पुढे थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द. डोंगर, धो धो पाऊस, भात-नागली-वरईची शेतं आणि आजूबाजूला आदिवासी पाडे. लोकं पैसे मोजून ज्या हिरवळीत वीकेण्ड काढायला जातात, तिथे तुम्हाला पगार मिळणार. एन्जॉय!

पण टेन्शन सुरू होतं ते पॅकिंगच्या वेळी. शेरू तिथे काय खाणार? तुमचं नेहमीचं चौकातलं पेट शॉप तिथे नाही. गावातल्या माणसाला विचाराल तर तो हसून म्हणेल, ‘‘भाकरी टाका की साहेब, आमची सगळी कुत्री त्याच्यावरच वाढली.’’ शहरातल्या डॉगी-ग्रुपवर विचाराल तर उत्तर येईल, ‘‘धान्य? ओ माय गॉड! तो लांडग्याचा वंशज आहे. ग्रेन-फ्री मागव.’’

दोघंही छातीठोकपणे सांगतात. पोट मात्र शेरूचं आहे. तेव्हा मत राहू द्या बाजूला, आधी सरळ हिशोब मांडू.

नागलीची भाकरी आणि चिकन-राइस

वीस किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, साधारण फिरत्या कुत्र्याला दिवसाला १०५० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. हे व्हेट मंडळींचं नेहमीचं गणित आहे. कोणी जास्त धावतो, कोणी सोफ्यावर लोळतो, त्याप्रमाणे आकडा वर-खाली होतो.

आता ही सगळी ऊर्जा फक्त नागलीच्या, म्हणजे पुण्या-मुंबईच्या नाचणीच्या, भाकरीतून द्यायची म्हटलं तर रोज सुमारे ३३० ग्रॅम पीठ लागेल. त्यातून प्रोटीन मिळेल २३-२४ ग्रॅम. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांची ‘आफको’ नावाची संघटना आहे, तिचे किमान आकडे जगभर वापरले जातात. त्या हिशोबाने शेरूला हवं ४७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे भाकरीत निम्मंच. फॅटचीही तीच गत : हवं साधारण साडेचौदा ग्रॅम, मिळतं सहा.

पण कॅल्शियम? इथे नागली बाजी मारते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. म्हणजे त्या ३३० ग्रॅममध्ये १२०० मिलिग्रॅम, आणि शेरूची गरज १३०० च्या आसपास. धान्यातल्या फायटेटमुळे ते सगळंच्या सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण एका साध्या भाकरीसाठी हा स्कोअर भारीच.

आता शहरातली फेव्हरिट डिश घ्या. चिकन-राइस. हळद टाकून कुकरच्या तीन शिट्ट्या, झालं. दोनशे ग्रॅम तांदूळ आणि पाव किलो चिकन घेतलं की कॅलरी जुळतात, प्रोटीन तर गरजेपेक्षा जास्तच. आणि कॅल्शियम? शंभर मिलिग्रॅमही भरत नाही. हवं तेराशे!

म्हणजे ज्या भाकरीला आपण ‘गरिबाचं खाणं’ म्हणून नाक मुरडतो तिच्यात प्रोटीन कमी, आणि ज्या चिकन-राइसवर आपण माया ओततो त्यात हाडांसाठी जवळजवळ काहीच नाही. मोठ्या कुत्र्याचं शरीर बराच काळ आपल्याच हाडांतून उधारी काढत राहतं, म्हणून वरून काही कळत नाही. पिल्लाकडे ती शिल्लक नसते. फक्त मांस किंवा मांस-भातावर वाढवलेलं पिल्लू काही आठवड्यांत लंगडू लागतं, पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. जखम प्रेमाने झालेली असते, पण दुखतं तितकंच.

मग पाड्यावरचा कुत्रा धडधाकट कसा?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सोपं आहे : तो फक्त भाकरीवर जगत नाही. दिवसभर मोकळा असतो. उंदीर-घुशी पकडतो, पावसाळ्यात खेकड्यांच्या मागे लागतो, कोंबडी कापली की आतडी त्याची. भाकरी हा त्याचा बेसिक पगार, बाकी सगळी वरकमाई. तुमचा शेरू क्वार्टरमध्ये साखळीला असेल, तर त्याच्या नशिबी फक्त बेसिक.

आणि दुसरी गोष्ट, आपल्याला दिसतात ते जगलेले कुत्रे. एका झोलातली किती पिल्लं वर्षभरात टिकली, हे वाटेवर दिसत नाही. तेव्हा ‘आमच्या गावाकडे तर…’ या वाक्याला फार भाव देऊ नका.

लांडग्याचा फंडा

आता ग्रुपवाल्यांकडे वळू. कुत्रा लांडग्याचा वंशज आहे, शंभर टक्के मान्य. पण मधल्या हजारो वर्षांत तो आपल्या चुलीजवळ बसलाय. त्याचा परिणाम त्याच्या जनुकांत दिसतो. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पिष्टमय पदार्थ पचवणारं अॅमायलेज बनवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. थोडक्यात, भाकरी पचवण्याचं मशीन कुत्र्यात बसवलेलं आहे. शिजवलेलं धान्य त्याच्यासाठी विष नाही.

उलट ‘ग्रेन-फ्री’च्या नादात एक वेगळीच काळजी उभी राहिली. धान्य काढलं की त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा भरतात. २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं की असं खाणं खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदय मोठं आणि दुबळं होण्याच्या तक्रारी येताहेत, आणि त्याचा तपास सुरू आहे. नेमकं कारण सिद्ध झालेलं नाही. २०२२ च्या अखेरीस एफडीएने सांगितलं की ठोस नवी माहिती मिळेपर्यंत आता पुढचे अपडेट नाहीत. खटला अर्धवट आहे, पण ग्रेन-फ्रीसाठी जादा पैसे मोजण्याचं कारण त्यातून मिळत नाही. एखाद्या कुत्र्याला खरोखरच एखाद्या धान्याची अॅलर्जी असते, पण ते व्हेटने ठरवावं.

आणि गंमत बघा, ज्या बाजारात ‘धान्यमुक्त’ महाग विकलं जातं, त्याच बाजारात ‘रागी बिस्किट फॉर डॉग्ज’ही छान रिबन लावून मिळतं. हरसूलची नागली मॉलमध्ये गेली की रागी होते, आणि भावही बदलतो!

पाकीट पाठीकडून वाचा

कुत्र्यांचं पाकीटबंद खाणं तसं फार जुनं नाही. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने जहाजावरच्या बिस्किटांवरून कल्पना घेऊन कुत्र्यांची बिस्किटं काढली, आणि धंदा सुरू झाला. तेव्हापासून पाकिटाची पुढची बाजू मालकासाठी असते. चकाचक गोल्डन रिट्रीव्हर, गाजराचे तुकडे, रसरशीत चिकनचा पीस. कुत्र्याच्या कामाची बाजू मागची. तिथे चार गोष्टी शोधा.

एक, ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द, आणि ते कोणासाठी : पिल्लू, मोठा की सगळे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलं असेल तर ते जेवण नाही, चिवडा-फरसाण आहे. ग्रेव्हीचे काही पाऊच या दुसऱ्या गटात मोडतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

दोन, प्रोटीन आणि फॅट. आफकोनुसार पाण्याचा अंश वजा करून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रोटीन आणि साडेपाच टक्के फॅट हवं. पिल्लाला साडेबावीस आणि साडेआठ. ‘पाण्याचा अंश वजा करून’ हे महत्त्वाचं. पाऊचवर ८ टक्के प्रोटीन बघून ‘शी, किती कमी’ म्हणू नका. त्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० मध्ये ८, म्हणजे ४० टक्के! आणि कोरड्या खाण्यातलं २२ टक्के, १० टक्के पाणी वजा केल्यावर, साडेचोवीसच्या आसपास येतं.

तीन, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन शिजवण्याआधीचं. ताजं चिकन पाण्याने जड असतं, म्हणून पहिल्या नंबरावर बसतं. पाणी उडालं की त्याचा नंबर घसरतो. नावातही खाचाखोचा असतात. अमेरिकन नियमाप्रमाणे ‘विथ चिकन’ म्हणायला चिकन फक्त ३ टक्के पुरतं, आणि ‘चिकन फ्लेवर’मध्ये तर नुसती चव ओळखू आली की झालं. इम्पोर्टेड पाकीट उचलताना हे लक्षात असू द्या.

चार, कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, तारीख, आणि शंभर ग्रॅममागे किती कॅलरी. हे काहीच नसेल तर पाकीट परत ठेवा.

इतकं कशाला बघायचं? कारण आपल्याकडच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. तुमच्या वेफर्सच्या पाकिटाला जो कायदा लागतो तो शेरूच्या पाकिटाला लागत नाही. आणि एकटा प्रोटीनचा आकडाही फसवू शकतो. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचे ६ कोटींवर डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवावे लागले. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. कारण प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. आकडा वाढला, मूत्रपिंडं गेली. म्हणून आकड्याबरोबर बनवणारा कोण, हेही बघायचं.

सुट्टं नको, बॉस

हरसूलच्या वाटेवर पावसाळा म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला पहिल्याच जूनमध्ये कळेल. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात. कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचंही तेच. ओलावा लागला की बुरशी, आणि काही बुरशींतून तयार होतं अफ्लाटॉक्सिन, जे थेट यकृतावर घाव घालतं. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत अशाच एका रिकॉलनंतर शंभराहून जास्त कुत्री दगावल्याच्या नोंदी एफडीएकडे आल्या. तिथे बंद पाकिटात हे झालं. इथे दुकानात तोंड उघड्या पोत्यातून वाटीने मोजून मिळणारं सुट्टं खाणं किती स्वस्त पडतं, ते तुम्हीच ठरवा. त्याला ना बॅच नंबर, ना तारीख.

शेरूला शंभर ग्रॅमला ३५० कॅलरीवालं खाणं रोज ३०० ग्रॅम लागेल, म्हणजे महिन्याला नऊ किलो. वीस किलोची गोणी स्वस्त पडते, पण पावसात ती दोन महिने उघडी ठेवणं परवडत नाही. तीन-तीन किलोची पाकिटं घ्या. नाशिकला चक्कर झाली की तीन उचलली, महिन्याची चिंता मिटली. पाकीट उघडल्यावर ते तसंच्या तसं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबरही हाताशी राहतो. वास बदलला, गुठळ्या झाल्या, तर हळहळू नका, फेका.

आणि बदलीबरोबर ब्रँडही बदलणार असाल तर एका रात्रीत नको. सात ते दहा दिवस जुन्यात नवं मिसळत, हळूहळू प्रमाण वाढवत जा. नाहीतर नव्या क्वार्टरच्या फरशीवर पहिली सही शेरूची.

भाकरीला जागा आहे

मग नागली बाद? अजिबात नाही. व्हेट लोकांचा एक सोपा नियम आहे : दिवसाच्या कॅलरींपैकी दहा टक्के वरखाणं चालतं, त्याने संतुलन बिघडत नाही. शेरूच्या बाबतीत १०५ किलोकॅलरी. म्हणजे नागलीची एक छोटी भाकरी, किंवा एक उकडलेलं अंडं आणि वर चतकोर. मीठ-मसाला न लावता. तेवढं त्याच्या बाऊलमधून कमी करा, म्हणजे झालं.

सगळंच घरी शिजवायचं असेल तर मात्र अंदाजपंचे नको. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के रेसिपींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. नागली, चिकन, अंडी एकत्र केली तरी कॅल्शियम निम्म्यावरच राहतं, झिंक-आयोडीन-व्हिटॅमिनांचा प्रश्न वेगळाच. मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेज किंवा शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी, किंवा तुमच्या नेहमीच्या व्हेटकडून, शेरूच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. आधी कागद, मग कुकर.

नाशिकची द्राक्षं? नको म्हणजे नको

नाशिक जिल्ह्यात आलात म्हणजे सीझनला कोणीतरी द्राक्षांची पेटी आणून देणारच. ती तुमची. कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाहीत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधेच्या तज्ज्ञ पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच आम्ल आपल्या चिंचेतही असतं, तेव्हा आमटीचा रस्साही नको. शिवाय आमटीत कांदा-लसूण असतो, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. चॉकलेट, दारू, झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, हे सगळं लिस्टमधून कट. हरसूलहून रात्री दहा वाजता कुत्र्यांचा डॉक्टर गाठायचा तर पुढ्यात पन्नास-साठ किलोमीटर घाटाचा रस्ता आहे. इथे सावधगिरी हाच फर्स्ट एड.

कुठलं, यापेक्षा किती

शेवटी सगळ्यात स्वस्त टिप. लॅब्रेडॉरच्या ४८ पिल्लांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. जोड्या लावल्या होत्या. खाणं दोघांना एकच, फक्त एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी. कमी खाणारे सरासरी १ वर्ष ८-१० महिने जास्त जगले, सांधेदुखीही उशिरा आली. ब्रँड तोच, पाकीट तेच, बदललं ते फक्त माप.

माप बघायला लॅब लागत नाही. शेरूच्या बरगड्यांवर हात फिरवा. न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत. वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. शी घट्ट आणि उचलता येण्याजोगी, केस चमकदार, महिन्याच्या वजनात फार चढ-उतार नाही. हे सगळं जमत असेल तर तुमचा ब्रँड बरोबर आहे, मग तो कितीही साध्या पाकिटात येवो. जमत नसेल तर पाकिटावरच्या गोल्डन रिट्रीव्हरला विचारून उपयोग नाही, तो मॉडेल आहे.

सो, आज रात्री एक काम करा. तुमच्या भूभूचं वजन करा, वाटी किचनच्या काट्यावर ठेवा आणि ती रोज किती ग्रॅमची भरते ते एकदा बघा. पाकिटावरच्या आकड्याशी ताडा. ‘बिचारा बघतोय’ म्हणून टाकलेली बिस्किटंही त्यात धरा हं!